डॉक्टरांनी तसं लिहिलेलं नाही

सोम. ३ फेब्रु.
आज हिंजवडीत बसून बावीस मुतखडे कोड केले, म्हणजे रिपोर्ट वाचून विम्याच्या बिलासाठी निदानाचे ठरलेले क्रमांक लावले. सगळे अमेरिकेतले, एकाचंही तोंड पाहिलं नाही. खडा मूत्रपिंडात असेल तर एक कोड, मूत्रनळीत उतरला की दुसरा. एका रिपोर्टात मूत्रपिंडाला सूज होती, पण डॉक्टरच्या निदानात नव्हती. मग आपण तिचा कोड लावायचा नाही. डॉक्टरला विचारणा पाठवायची, फाइल बाजूला ठेवायची. डॉक्टरने लिहिलं नाही ते पेशंटला झालंच नाही. बारा वर्षं याच वाक्यावर जेवतोय.

गुरु. ६
बिबवेवाडीहून ताईचा फोन. डाव्या कुशीत कळा. कागद व्हॉट्सॅपवर पाठवले. "तू मेडिकलमधला, जरा बघ." मी मेडिकलमधला, पोस्टमन साहित्यातला असतो तसा.
सोनोग्राफीत नळीत खडा, मूत्रपिंडाला सूज. डॉक्टरांच्या चिठ्ठीत फक्त मुतखडा. गोळ्या, भरपूर पाणी, सोमवारी दाखवा.

शुक्र. ७
ताईला थंडी वाजून ताप. विचारत होती, आजच जाऊ का? मी चिठ्ठी पुन्हा वाचली.
"अगं, डॉक्टरांनी तसं काही लिहिलेलं नाही. सोमवारी विचारू."
बरं म्हणाली. माझं तिने नेहमीच ऐकलंय. सवय वाईट.

रवि. ९
ताई आयसीयूत. पहाटे असंबद्ध बोलायला लागली, तिच्या मुलीने, मीनलने, रिक्षात घालून नेलं. खड्याच्या वर पू साचला होता, तो रक्तात गेला. पाठीतून नळी घालून काढताहेत. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, ताप शुक्रवारपासून, मग दोन दिवस काय केलंत?
मीनल म्हणाली, "मामा मेडिकलमध्ये आहे." आईची बाजू घेत होती की माझी, कळलं नाही. विचारायचा धीर झाला नाही.

सोम. १०
भेटायची वेळ संध्याकाळी. घरात बसवेना म्हणून ऑफिसला आलो. तिसरीच फाइल: बाई, वय एकसष्ट, नळीत खडा. नर्सच्या नोंदीत ताप, डॉक्टरच्या निदानात नाही. विचारणेचा ठरलेला मजकूर उघडला. 'कृपया स्पष्ट करावे.' फाइल तशीच उघडी ठेवली.

दुपारी मीनलचा मेसेज. 'आई मधूनच डोळे उघडते. विचारते, सोमवार आला का? काय सांगू?'

चार वाजले. फाइलवर नाही, मीनललाही नाही; अजून काही लिहिलेलं नाही.