साडेसात इंच तोकडी साखळी

मी, थॅडियस जोसेफ कोवाल्चिक, वय वर्षे एकोणऐंशी, राहणार हार्लन्स फोर्ड, ओहायो, पोलाद कारखान्यातून निवृत्त, हे लिहून ठेवतो की आज माझी बुद्धी ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी तसा दाखला दिला आहे. माझ्या बहिणीच्या नवऱ्याचे मत वेगळे आहे, पण ते १९७१ पासूनच वेगळे असल्यामुळे जमेस धरू नये. माझ्यावर कोणाचा दाब नाही आणि माझे कोणी ऐकत असते तर हे कागद काळे करण्याची वेळही आली नसती. यापूर्वीची दोन्ही मृत्युपत्रे मी रागात केली होती. ती रद्द समजावीत.

कलम १. राहते घर माझी मुलगी मार्सिया हिला. स्वयंपाकघराचा रंग तिने बदलावा, तिच्या आईलाही तो कधी आवडला नव्हता. मागच्या खोलीत माझ्या कवितांच्या सहा वह्या आहेत. त्या कोणी नीटनेटक्या लावू नयेत. ज्या क्रमाने पडल्या आहेत त्याच क्रमाने मी जगलो.

कलम २. बँकेत जे असेल ते अंत्यविधीला पुरेल. उरल्यास चर्चच्या स्वयंपाकघराला द्यावे, अट एवढीच की त्या दिवशीच्या कोबीच्या गुंडाळ्यांत भातापेक्षा मांस जास्त असावे.

कलम ३. माझ्या बहिणीचा नवरा ग्रिफिथ प्रॉसर, मूळचा वेल्सचा, याला मी एक उत्तर ठेवतो. अठ्ठेचाळीस वर्षे दर थँक्सगिव्हिंगला, टर्कीचा पहिला तुकडा तोंडात घालून, त्याने मला एकच प्रश्न विचारला आहे: "थॅड, पोरं चेंडू काखेत मारून पळतात, पायाला तो चुकून लागतो. मग याला फुटबॉल म्हणायला तुम्हाला लाज कशी वाटत नाही?" सगळे टेबल हसायचे. माझी बहीण अगाथासुद्धा. मला उत्तर सुचायचे ते भांडी घासताना.

तर उत्तर असे. फुटबॉल हे एका खेळाचे नाव कधीच नव्हते, ते कुळाचे नाव होते. जुन्या इंग्लंडात शाळागणिक फुटबॉल वेगळा. कुठे चेंडू लाथाडत, कुठे उचलून पळत. रग्बी नावाच्या गावच्या शाळेत पळत असत, म्हणून त्याचे नाव पडले रग्बी फुटबॉल. आमची कॉलेजातली पोरे १८६९ साली लाथाडण्याचाच खेळ खेळली. पुढे १८७४ साली कॅनडातली पोरे बॉस्टनजवळ पाहुणी आली आणि त्यांनी उचलून पळण्याचा खेळ दाखवला. आमच्यांना तो इतका आवडला की तो त्यांनी घरात घेतला आणि मग वर्षाला एक याप्रमाणे त्याचे नियम बदलत गेले. नाव बदलायचे मात्र कोणाला सुचले नाही. घरात आलेल्या माणसाचा सदरा बदलला, टोपी बदलली, चाल बदलली, आडनाव कुळाचे तेच राहिले. यात लाज कसली?

आणि ग्रिफ, तुझ्या त्या लाल कोटाच्या खिशावर तुझ्या जुन्या क्लबचे नाव विणले आहे. चष्मा लावून वाच. 'रग्बी फुटबॉल क्लब' असे आहे. अठ्ठेचाळीस वर्षे तू तो कोट घालूनच मला प्रश्न विचारलास.

हे उत्तर अगाथाने येत्या थँक्सगिव्हिंगला मोठ्याने वाचावे. ग्रिफच्या तोंडात तुकडा असताना वाचावे.

कलम ४. शाळेचे खेळ-प्रमुख डेल रुपर्ट यांनी १९९८ साली सामन्याच्या मध्यंतरात माझी कविता भोंग्यावर वाचू दिली नाही. लोकांना सॉसेज घ्यायला जायचे असते, असे त्यांचे म्हणणे पडले. लहानपणी आमच्या मिस ऑर्डवे कविता घोकून घ्यायच्या आणि एक ओळ चुकली की वर्गाबाहेर काढायच्या. व्हरांड्यात उभा राहून खिडकीतून दिसणाऱ्या मैदानाकडे बघत मी अर्धी कविता शिकलो. रुपर्ट यांचा वर्ग वेगळा असावा. मी त्यांना काही ठेवत नाही. त्यांनी अडवलेल्या कवितेच्या चार ओळी येथे नोंदवतो, म्हणजे त्या आता सरकारी कागदावर राहतील:

रेघारेघांच्या हिरवळीवर
ऊन उतरते पिवळे,
दहा यार्डांच्या पलीकडे ते
दिवस राहिले सगळे.

कलम ५. आता साखळी. हे मृत्युपत्र खरे तर हिच्यासाठीच आहे.

रग्बीत माणूस पाडला की तो चेंडू सोडतो, दोन्हीकडची माणसे त्यावर तुटून पडतात आणि खेळ पुढे चालू राहतो. आमच्यात माणूस पडला की शिट्टी वाजते, सगळे उठतात, घोळका करून सल्लामसलत करतात आणि पुन्हा रांगेत उभे राहतात. चेंडू ज्याचा होता त्याचाच. १८८० साली हा नियम झाला आणि लगेच कोणीतरी शहाणा निघाला, ज्याने अर्धा सामना चेंडू पोटाशी धरून बसून काढला. म्हणून नियम आला की ठरल्या प्रयत्नांत ठरले अंतर कापा, नाहीतर चेंडू द्या. आज ते चार प्रयत्नांत दहा यार्ड आहे. ते दहा यार्ड मोजायला दोन खांब आणि मध्ये साखळी लागते. रग्बीवाल्यांना साखळी लागत नाही. आम्हाला लागते, कारण आमचा एकमेकांवर विश्वास नाही.

हार्लन्स फोर्डच्या शाळेच्या मैदानावर, दर घरच्या सामन्याला, डावीकडचा खांब १९७४ पासून मी धरला आहे आणि उजवीकडचा १९८१ पासून ऑर्विल हेस याने. पगार नाही. एक टोपी मिळते. जागा बापाकडून मुलाकडे जाते. मला मुलगा नाही म्हणून ऑर्विलचा पुतण्या माझ्या जागेसाठी आतापासून टोपीचे माप देऊन बसला आहे. साखळी मात्र शाळेची नाही. शाळेने पैसे नाहीत म्हटल्यावर ती मी कारखान्यात स्वतः घडवली. पावती जोडली आहे.

माझी जागा मी माझी नात नोरीन डेलुका हिला देतो. ती जमीन-मोजणी खात्यात नोकरीला आहे आणि कॉलेजात रग्बी खेळली आहे. नाक दोनदा मोडले आहे, म्हणून तिच्या घोरण्यालाही लय आहे. ऑर्विल म्हणाला होता की साखळीवर मुलगी कधी उभी राहिलेली नाही आणि रग्बीवाली तर देवाने दाखवू नये. रुपर्ट यांनी मान हलवली. ते नेहमीच हलवतात.

पण खरा नकार नोरीनचाच आहे. गेल्या ऑगस्टमध्ये तिने गंमत म्हणून अंगणात साखळीला मोजणीची पोलादी फीत लावली. मग दुसऱ्यांदा लावली. मग माझ्यासमोर येऊन बसली.

"आजोबा, ही साडेसात इंच तोकडी आहे."

मी म्हणालो की थंडीने आकसली असेल. ती म्हणाली, ऑगस्ट आहे.

१९८६ च्या ऑक्टोबरात, चिखलात, एक धिप्पाड पोरगा साखळीवर कोसळला आणि ती तुटली. पुढच्याच शुक्रवारी सामना होता. मी उरलेल्या कड्या जोडल्या, चिखलात गेलेल्या शोधल्या नाहीत. शोधीन म्हणालो. तेहतीस वर्षे मी शोधीन म्हणत आहे. दोन्ही संघांना तीच साखळी, म्हणजे अन्याय कोणावरच नाही, असे मी मनाला समजावले. पण १९८७ चा चषक, जो शाळेच्या काचेच्या कपाटात आहे आणि ज्याच्यासमोर या गावात लग्नाचे फोटो काढतात, तो चौथ्या प्रयत्नात चेंडू खांबाच्या जेमतेम दोन बोटे पुढे पडला म्हणून मिळाला होता; साखळी पुरी असती तर मिळाला नसता. ती दोन बोटे मी स्वतः बघितली. मी खांब ओढून ताणला, सगळे गाव ओरडले आणि मी रडलो. लोकांना वाटले, आनंदाने.

नोरीनला हे सांगितले तेव्हा ती रागावली नाही. रागावली असती तर सोपे गेले असते. ती एवढेच म्हणाली, "आमच्याकडे मोजत नाहीत, आजोबा. पण मोजायचंच असेल तर नीट मोजा. खोटी साखळी मी धरणार नाही. आधी तुम्ही खरं सांगा, मग मी टोपी घालते."

म्हणून सांगितले. माझ्या मृत्यूनंतरच्या पहिल्या घरच्या सामन्याआधी नोरीनने मैदानाच्या मधोमध सर्वांसमक्ष साखळीला फीत लावावी आणि आकडा भोंग्यावर जाहीर करावा. मग तिने ती पुरी करावी आणि धरावी. शाळेने नोरीनला नाकारल्यास साखळीही तिच्या घरी जाईल आणि रुपर्ट यांनी दहा यार्ड मान हलवून मोजावेत. चषक परत करायचा की नाही हे गावाने ठरवावे. त्यासाठी गावाला चार प्रयत्न द्यावेत.

कलम ६. ऑर्विल हेस याला मी काही ठेवत नाही. साक्षीदाराला काही मिळू नये असा नियम आहे आणि मी त्याला साक्षीदार केले आहे.

सहीच्या वेळची नोंद. आज ऑर्विल आला तेव्हा त्याला फक्त सही करायची होती. साक्षीदाराने मजकूर वाचलाच पाहिजे असे नाही. त्याने वाचला. कलम पाच दोनदा वाचले. मी खिडकीबाहेर बघत होतो.

"मला ठाऊक होतं," तो म्हणाला. "सत्त्याऐंशीपासून. मैदानाच्या रेघा दहा यार्डांवर, आणि तुझा खांब रेघेवर असला की माझा दर वेळी पुढच्या रेघेच्या अलीकडे. मी काय आंधळा आहे?"

मग बोलला का नाहीस, असे मी विचारले.

"तू त्यावर कविता करशील म्हणून."

मग त्याने पेन मागितले आणि पुतण्याला काय सांगायचे ते स्वतःशीच पुटपुटत सही केली. सहीखाली त्याने आणखी काही लिहिले. कागद करून देणाऱ्या वकीलबाई म्हणाल्या, तिथे असे लिहीत नाहीत. मी म्हणालो, राहू द्या.

ठिकाण: हार्लन्स फोर्ड, ओहायो
दिनांक: १२ सप्टेंबर २०१९

सही: थॅडियस जो. कोवाल्चिक

साक्षीदार १: कॉर्नेलिया व्हान्स, शेजारीण. थॅडियस यांनी माझ्यासमोर सही केली.

साक्षीदार २: ऑर्विल हेस. माझ्यासमोर सही केली. मुलीबद्दलची माझी हरकत मी मागे घेतो. तिने शुक्रवारी पाच वाजता यावे, फीत स्वतःची आणावी आणि माझ्या टोकाकडूनही मोजून घ्यावे. म्हाताऱ्याच्या मरणाची वाट बघायची गरज नाही.