नोंदीपायी फुटलेली सुपारी

सातारा, माघ शुद्ध पंचमी, शके १८६७

तीर्थरूप नानासो मामांच्या पायांवर भाचा बाळासोचे डोके. इकडे सर्व ठीक, म्हणजे प्रकृतीपुरते. तिकडे लोणंदला मामीचे गुडघे आणि तुमचा खोकला एकमेकांना कसे सांभाळून घेत आहेत ते कळवावे. (वैद्याने दिलेले तेल गुडघ्यांना चोळायचे होते. तुम्ही ते खोकल्यावर म्हणून प्यायलात, असे ऐकतो.) पत्र लिहिण्यास कारण की माझे लग्न ठरले आहे. दचकू नका. मला कळले तेव्हा मीही दचकलो होतो.

पुण्याच्या कोशमंडळाने मला ज्ञानकोशासाठी एक नोंद लिहायला दिली, हे तुम्हाला ठाऊक आहेच. (तुमच्या मेहुण्यांना, म्हणजे आमच्या आप्पांना, नाही. सुभेदारी केलेल्या माणसाला बंदुकीशिवायची नोकरी सांगावी तरी कशी?) 'लोकरीतिशोधक' हे समाजशास्त्राचे आपल्याकडचे अगदी सुरुवातीचे मासिक. पस्तीसेक वर्षांपूर्वी ते सांगलीला निघाले, चार वर्षे चालले आणि वर्गणीदार सोडून बाकी सर्वांनी स्तुती केल्यामुळे बंद पडले. नोंद चांगली उतरली तर मंडळात कायमची जागा, असा शब्द मिळाला होता. पण 'ल'चा खंड छापखान्याच्या दारात उभा होता आणि 'ल' हुकला की पुढे माझ्या लायकीचे अक्षरच नव्हते.

अंक काही मिळेनात. सांगलीच्या एका जुन्या संग्रहातले वाळवीने पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून काढले होते. एवढा निष्ठावंत वाचक त्या मासिकाला हयातीत लाभला नसेल. इस्लामपूरच्या एका वकिलांकडे दोन अंक निघाले, पण ते लोणच्याच्या बरण्यांवर बांधलेले, आणि वकिलीणबाई कैऱ्या मुरेपर्यंत सोडायला तयार नाहीत. शेवटी वकिलांनीच सांगितले की म्हसवडजवळच्या एका वाडीत तात्याबा नावाचे मासिकाचे जुने बातमीदार होते. ते वारले, पण त्यांचा मुलगा लालासाहेब याच्याकडे ट्रंकभर अंक आहेत. निघालो.

आता माझे शहाणपण ऐका. या मासिकाची पद्धत अशी की घरोघरी जाऊन ठरावीक प्रश्न विचारायचे : घरात माणसे किती, लेकी किती, कुठे दिल्या, देवक कोणते. म्हटले, आपणही तसेच विचारून पाहावे. लालासाहेबांनी सगळी उत्तरे दिली आणि मग मलाच विचारायला घेतले. आमचे देवक कोणते, मामाचे गाव कोणते, जमीन किती, विहिरीला पाणी कुठवर टिकते, दारू-गांजा काही? मामा, मला गहिवरून आले. माणदेशात समाजशास्त्राची एवढी गोडी! मी सगळे सांगितले. (तुमचीही तारीफ केली, जरा फुगवून.)

मग ट्रंक उघडली. दुसऱ्या वर्षाच्या अंकात खुद्द तात्याबांचा लेख होता, सुपारी फोडण्याच्या चालीवर. पाच माणसांदेखत सुपारी फोडायची, गूळ वाटायचा, की लग्न पक्के. मग माघार घेणाऱ्याला गावात तोंड दाखवायची सोय नाही. मी विचारले, ही चाल अजून आहे का? व्हय की, म्हणाले. कशी फोडतात ते बघायला मिळेल का? लालासाहेबांनी माझ्याकडे जरा निरखून पाहिले, बाहेर गेले आणि पाच म्हातारे घेऊन आले. एक मुलगी पाणी देऊन गेली. मी वर पाहिले नाही. (पाहिले.) माझ्याकडचे वडीलधारे कोणी नाही म्हणून सुपारी माझ्याच हातात दिली, आणि मी ती शास्त्रासाठी फोडली. गूळ वाटला, मी दोनदा घेतला. निघताना लालासाहेब 'जावईबापू' म्हणाले, तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला.

हे सगळे संशोधन होते, असे मी कळवळून सांगितले. लालासाहेब चिडले नाहीत. फुटलेली सुपारी सांधून दाखवा आणि मोकळे व्हा, म्हणाले. तेवढ्यात आतून ती मुलगी, म्हणजे लालासाहेबांची लेक चंद्रा, दारापाशी आली.

"आज्याचं मासिक पायजे आसंल तर लगीन मोडा म्हनू नगा," ती म्हणाली. "आन् मोडायचंच आसंल तर अंक हितंच ठिवून जावा."

मी अंक घेऊन आलो. तेही एका वर्षाचेच. बाकीचे खेपेखेपेने मिळणार आहेत.

इकडे आप्पांनी इस्लामपूरच्या एका ऊसवाल्यांकडे माझी बोलणी लावली आहेत. त्यांना हे कळले तर माझी सालडी सोलतील. तुमच्यापुढेच काय तो त्यांचा आवाज खाली येतो. तेव्हा कृपा करून म्हसवडला जा आणि हे लग्न गोडीगुलाबीने मोडून द्या. मात्र चौथ्या वर्षाचे अंक माझ्या हातात पडल्यावर. मामीला दंडवत, पोरांना आशीर्वाद.

तुमचा,
बाळासो

ता. क. पत्र टाकायचे राहिले, कारण मध्ये तिसऱ्या वर्षाचे अंक आणायला गेलो होतो. मोडायची तशी घाई नाही. चंद्राने माझी नोंद वाचली. आज्याबद्दल एक ओळ आन् संपादकाच्या मिशीबद्दल चार, हे कसलं शास्तर, असे तिने विचारले. (मला संपादकांचा एकच फोटो मिळाला आणि त्यात मिशीच तेवढी दिसत होती.) मिशी काढली. आणखी एकदा जाऊन यावे म्हणतो.

ता. क. दुसरा. कोशमंडळाचे पत्र आले. खंड फार जाड झाला, म्हणून माझ्या नोंदीचे त्यांनी असे केले आहे : "लोकरीतिशोधक – पाहा : नियतकालिके." संपले. कायमची जागाही गेली. म्हणजे आता मला त्या ट्रंकेतला एकही अंक नको. तेव्हा मामा, लग्न मोडण्याविषयी वर जे लिहिले ते खोडा, आणि म्हसवडला तारीख धरायला जा. मला तीच मुलगी हवी आहे. आप्पांना हे तुम्ही सांगा. माझी छाती होत नाही. बिननोकरीच्या माणसाला लालासाहेब मुलगी कशाला देतील, या धास्तीने मला दोन घास गोड लागेनात. शेवटी काल वाडीला जाऊन आधी चंद्रालाच सगळे सांगून टाकले. तिने आधी लालासाहेब ऐकत नाहीत ना ते पाहिले. मग म्हणाली, "आबास्नी हळद लागल्यावर सांगू." तेव्हा तारीख जवळचीच धरा.