पान चौदावरील तिकिटाबाबत

मी, खाली सही करणारा, वय अठ्ठ्याहत्तर, विमा कचेरीतील निवृत्त कारकून, तिकीटसंग्राहक मंडळाचा माजी अध्यक्ष, आज जेवणाच्या टेबलाशी बसून हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. एका गोष्टीची लाज मात्र आहे, ती कलम पाचमध्ये येईल. वाचणाऱ्याने थेट तिकडे उडी मारू नये. मलाही तिथे पोचायला वेळ लागणार आहे.

१. राहते घर, आतल्या सामानासह, पत्नीचे. तिला कोणी ‘आता आमच्याकडे चला’ म्हणू नये. ती जाणार नाही आणि म्हणणाऱ्याला चार शब्द ऐकावे लागतील.

२. बँकेतील ठेवी मुलीला. त्यातून तिने आधी दात करून घ्यावेत. बापाचे दात तिच्याकडे गेले याबद्दल मी दिलगीर आहे.

३. ॲल्युमिनियमची शिडी मेहुण्याला. ती अकरा वर्षे त्याच्याच घरी आहे आणि ‘उद्या आणून देतो’ हे तो दर भेटीत सांगतो. या कलमाने त्याची त्या कटकटीतून सुटका होत आहे.

४. माझा संग्रह, एकूण सात वह्या, मंडळाला. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. पूर्वी मोठ्या व्यापारी पेढ्या टपालाची तिकिटे गठ्ठ्याने आणत. नोकरांनी ती खिशात घालून बाहेर विकू नयेत म्हणून एका यंत्राने प्रत्येक तिकिटात बारीक भोके पाडत, आणि त्या भोकांतून पेढीची आद्याक्षरे उमटत. इतर संग्राहक असली तिकिटे खराब म्हणून टाकून देतात. मी तीच जमवली. पत्नी म्हणे, “अहो, घरात दोन चाळण्या आहेत की, त्या जमवा!” चिमटे व भिंग ज्याला हवे त्याने न्यावे. तिकिटे भिजवायची पसरट थाळी नेऊ नये. ती स्वयंपाकघरातली आहे आणि पत्नी तिचा शोध अजून घेते आहे.

५. मास्तरांबाबत.

मास्तर म्हणजे चौकातले शिंपी. माझ्या साऱ्या विजारी त्यांनी शिवल्या. मंडळात भोकांची तिकिटे जमवणारे आम्ही दोघेच. तेवीस वर्षांपूर्वी ते बैठकीत एक तिकीट घेऊन आले. कपड्यांचे कागदी नमुने कापण्यासाठी ते जुनी रद्दी आणत, तिच्यात त्यांना ते मिळाले होते. बंदरावरच्या एका दोरखंडाच्या पेढीचे, दोन अक्षरांचे. ते मी अर्धे आयुष्य शोधत होतो. दुसऱ्या अक्षराच्या पायथ्याशी एक भोक मात्र नव्हते. मी भिंग लावले आणि मला हेवा वाटला. हेवाच, उगाच दुसरा शब्द शोधत नाही. सगळ्यांसमोर मी म्हणालो, “यंत्र भोक पाडायचं विसरत नाही, हात विसरतो. आणि शिंप्याच्या हातात सुई असतेच.”

सगळे हसले. मास्तर “बरं” म्हणाले, तिकीट खिशात ठेवले आणि पुन्हा कधी बैठकीला आले नाहीत. माझे तेवढ्यावर भागले नाही. पुढच्या वर्षी मंडळाच्या पुस्तिकेत ‘बनावट कशी ओळखावी’ या मथळ्याखाली, पान चौदावर, मी त्या तिकिटाचे चित्र काढून छापले. नाव दिले नव्हते. नाव सगळ्यांना ठाऊक होते.

चार वर्षांनी मला त्याच पेढीचे एक अख्खे पाकीट मिळाले. वर दोन तिकिटे, टपालाचा स्वच्छ शिक्का, आणि दोन्ही तिकिटांत तेच भोक नाही. यंत्राची एक पिन मोडलेली असणार. ते पाकीट मी कपाटात शर्टांच्या खाली ठेवले. तेव्हा मी अध्यक्ष होतो.

इथवर मी असे लिहिले आहे की जणू खरे काय ते मला पाकीट पाहून कळले. हे खोटे आहे. सुई कागद कापत नाही, बाजूला सारते. भोकाची कड फुगते. मास्तरांच्या तिकिटाच्या कडा साफ होत्या. त्या मला त्याच दिवशी दिसल्या होत्या. हे वाक्य लिहिताना मी दोनदा उठून पाणी प्यालो.

सबब, ते पाकीट मास्तरांना द्यावे, आणि हे कलम माझ्या मृत्यूनंतर मंडळाच्या बैठकीत मोठ्याने वाचावे.

पुरवणी, त्याच दिवशी लिहिलेली.

पत्नीने वरील मजकूर वाचला आणि म्हणाली, “साक्षीला मास्तरांना बोलवा.” मी सांगितले की ज्याला काही मिळणार त्याला साक्षीदार होता येत नाही. “मग त्यांना तसं तोंडावर सांगा,” ती म्हणाली आणि स्वतःच फोन केला.

मास्तर आले. मी कागद पुढे केले. त्यांनी उभ्यानेच कलम पाच वाचले.

“कडा दिसल्या होत्या तुम्हाला?”

“हो.”

“त्याच दिवशी?”

“हो.”

मग ते खुर्चीवर बसले. “तेवीस वर्षं घरात मी एकच सांगत आलो,” ते म्हणाले. “म्हटलं, माणूस आहे, चुकला असेल.”

मला मान वर करता येईना. आजवर मी त्यांच्या रागाला घाबरत होतो. त्यांनी मला सांभाळून घेतले असेल हे माझ्या मनातही आले नव्हते.

“मेल्यावर वाचणार म्हणे,” मास्तर म्हणाले. “तेव्हा तुम्ही कुठे असणार ऐकायला? आज रविवार. बैठक अजून अकरालाच असते ना?”

मी गुडघ्याचे कारण सांगितले.

“शर्ट बदला. मी थांबतो. आणि ते पाकीट आणा.”

पाकीट आता मास्तरांच्या हातात आहे. कलम पाच मी रद्द करीत आहे. ते आज अकरा वाजता मी स्वतः, उभा राहून, वाचणार आहे. बाकी कलमे कायम.

स्थळ: राहते घर, पहिला मजला. दिनांक: पाच तारीख, रविवार, सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटे.

लिहून ठेवणार: (सही)

साक्षीदार:
१. (सही) तळमजल्यावरच्या औषधांच्या दुकानाच्या मालकीणबाई
२. (सही) शिंपी, चौक. कलम पाच रद्द झाल्यावर सही केली. लवकर आटपा.