ताईच्या प्रवासाचं घड्याळ आणि माझे कान

तीर्थरूप ताईच्या पायांशी धाकट्याचा नमस्कार.

तुझे गुडघे आता कसे आहेत? जिना चढताना कठडा धरतेस ना? आम्ही दोघं ठणठणीत आहोत असं मागच्या पत्रात लिहिलं होतं, त्यातलं निम्मंच खरं निघालं. ही ठणठणीत आहे. माझ्याबद्दल पुढे लिहितो, पण आधी खुर्चीत नीट टेकून बस. मला ही बातमी उभ्याउभ्या मिळाली, तीही भर दुकानात.

लेकीकडे तू पहिल्यांदाच एकटी निघणार, वाटेत लॉजवर मुक्काम आणि सकाळची बोट चुकली तर बाळंतपण तुझ्याशिवाय उरकणार. म्हणून भरवशाचं, वापरायला सोपं आणि पर्समध्ये मावेल असं गजराचं घड्याळ निवडायला तू मला सांगितलंस. योग्य माणसाला सांगितलंस असं मलाही वाटलं. (कारखान्यातल्या शिवणयंत्राला नुसता कान लावून मी त्याचा आजार सांगतो, हे तू शेजारणींना किती कौतुकानं सांगतेस!) तेव्हा आधी स्वतः वापरून बघायचं आणि मगच तुला पाठवायचं, असं ठरवलं.

पहिलं घड्याळ आणलं ते साबणाच्या वडीएवढं, चपटं, आकडे हिरवे. बटणं मात्र मुंगीच्या बोटांसाठी केलेली. रात्री गजर लावला आणि उशाशी ठेवून झोपलो. सकाळी डोळे उघडले तर ऊन गादीवर आलेलं आणि घड्याळ शहाण्यासारखं गप्प. दुकानात जाऊन ते परत केलं. दुसरं आणलं, चामड्याच्या घडीत मिटणारं, अगदी देखणं. तेही गप्प! तिसऱ्याची तर दुकानातल्या बाईंनी शपथ घेतली होती. त्यानंही दगा दिल्यावर मात्र माझं डोकं फिरलं. माझी बहीण परगावी एकटी झोपून राहिली असती, ताई! मी तडक दुकानात गेलो आणि चारचौघांत आवाज चढवला, "मुकी घड्याळं विकता? लाज वाटत नाही?"

बाईंनी कपाटातून हाताला लागतील ती सगळी घड्याळं काढून काउंटरवर मांडली आणि एकेक बटण दाबत गेल्या. मी हाताची घडी घालून उभा होतो. म्हटलं, "बघा, एक तरी वाजतंय का?"

माझ्या मागे उभ्या असलेल्या आजोबांनी दोन्ही कानांत बोटं घातली होती. एक बाई रडणाऱ्या बाळाला घेऊन दुकानाबाहेर पळाली. दुकानातल्या बाईंनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की तशी नजर मी फक्त दवाखान्यात पाहिली आहे. मग त्यांनी ती सगळी बंद केली आणि माझ्या जवळ येऊन म्हणाल्या, "काका, सगळी वाजत होती."

घरी कसा आलो मला आठवत नाही. हिला सांगितलं तर ही भाजी निवडता निवडता म्हणाली, "अहो, रोज सकाळी मीच तर बंद करत होते! घर डोक्यावर घेत होती ती घड्याळं. मला वाटलं, तुम्ही मुद्दाम सोंग घेऊन पडलाय." (गेली काही वर्षं ही फारशी बोलत नाही, वयानुसार शांत झाली, असा माझा समज होता. तो समजही त्या दिवशी गेला.)

कानाच्या डॉक्टरीणबाईंनी मला एका बंद खोलीत बसवलं, डोक्यावर हेडफोन चढवले आणि आवाज आला की बटण दाबा म्हणाल्या. सुरुवातीला जाडेभरडे आवाज आले तेव्हा दाबलं. पुढे बराच वेळ काहीच नाही. शेवटी मीच बाहेर डोकावून विचारलं, "बारीक आवाज कधी लावणार?" त्या म्हणाल्या, "ते मघाशीच संपले."

बारीक आवाज गेले म्हणजे पोटापाण्याचं कामच गेलं की! कारखान्यातल्या बायका महिनाभर सांगत होत्या की कोपऱ्यातलं मशीन किंचाळतंय, आणि मी त्यांना म्हणत होतो, भास आहे तुमचा. दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी दिलेलं ऐकण्याचं यंत्र कानात घालून तिथे गेलो. ताई, मशीन नव्हे ते, कुणीतरी शेपटीवर पाय दिलेलं मांजर होतं. निमूटपणे तेल घातलं आणि सगळ्यांना चहा पाजला.

तर घड्याळ. सोबत पाठवतोय ते किल्लीचं आहे. डोक्यावर पितळी घंटा, आवाज जाडा, माझ्यासारख्यालाही यंत्राशिवाय जाग आणणारा. मागे दोनच किल्ल्या आहेत, मोठी वेळेची आणि लहान गजराची. झोपण्यापूर्वी दोन्ही पिळायच्या. उशाशी ठेवू नकोस, झोपेत हात जाईल. खोलीच्या दुसऱ्या टोकाला, स्टीलच्या ताटलीत ठेव. लॉजवाले तक्रार करतील, करू देत. आणि हो, आपण एकाच आईची लेकरं. तेव्हा घरी आधी वाजवून बघ, आणि शेजारणीलाही समोर बसव.

भाचीला आशीर्वाद. बोटीत खिडकीशी बस.

तुझा,
धाकटा

ता. क. खरी विनंती इथे करतो. कानातलं यंत्र बिघडून दुरुस्तीला गेलंय असं मी हिला सांगितलंय. ही विचारेल, तर तूही तेच सांग. कारण परवा मी यंत्र घालून स्वयंपाकघराच्या दाराशी गेलो तर ही गात होती. इतक्या वर्षांच्या संसारात मला ठाऊकच नव्हतं, ताई. शब्द नीट लागले नाहीत, पण मी किती तरी वेळ भिंतीला टेकून उभा होतो. मला ऐकू येतं हे कळलं तर ती थांबेल.

ता. क. वन्सं, पाकीट चिकटवायला माझ्याकडे आलं म्हणून दोन ओळी. यंत्र कानात आहे हे मला केव्हाच कळलंय. मी डब्याशी पुटपुटले, "मीठ संपलं," आणि हे बाहेरच्या खोलीतून पिशवी घेऊन निघाले. गाणं थांबवलेलं नाही. फक्त शब्द बदललेत. आधीचे यांना ऐकवण्यासारखे नव्हते.