ग-४८ चा पत्ता

तीर्थस्वरूप ताईस,

साष्टांग नमस्कार (सध्या उताणं पडून घालतो आहे, कारण पालथं व्हायला डॉक्टरांनी आठ दिवस मनाई केली आहे, तू तो तुझ्याकडे सुलटा करून घे). तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींचा खोकला आणि त्या खोकल्याबद्दलचं त्यांचं बोलणं, या दोहोंपैकी निदान एक तरी कमी झालं असेल अशी आशा करतो. इकडे आम्ही सर्व खुशाल. ‘सर्व’मध्ये माझी कंबर धरलेली नाही.

पत्रास कारण, तुझे चिरंजीव. येत्या रविवारी तो बॅग घेऊन तुझ्या दारात उभा राहील आणि सुट्टी मिळाली म्हणून आलो असं सांगेल. सुट्टी वगैरे काही मिळालेली नाही. त्याच्या नोकरीचं पहिलं वर्ष महिनाअखेर संपतंय, आणि त्याला कायम करायचं की नारळ द्यायचा हे आमच्या गोदामातल्या एका चाचणीवर ठरणार होतं. ती चाचणी गेल्या शुक्रवारी झाली आणि पार फसली. आता हे तुला त्याच्या तोंडून अर्धवट कळण्यापेक्षा माझ्याकडून सविस्तर कळलेलं बरं, म्हणून छातीवर पाट ठेवून लिहायला घेतलं आहे. अक्षराला हसू नकोस.

हेड ऑफिसने त्याला पुरवठ्याची व्यवस्था सुधारायला आमच्याकडे पाठवलं तेव्हा गोदामप्रमुख हा त्याचा सख्खा मामा आहे हे त्यांना माहीत नव्हतं. कळल्यावर त्यांनी आम्हा दोघांना विचारलं, काही अडचण? तो नाही म्हणाला, मीही नाही म्हणालो. दोघंही खोटं बोललो. (घरी तो मला मामा म्हणतो आणि गोदामात सर. मी त्याला गोदामात काहीच म्हणत नाही, नुसता खाकरतो.) पहिल्याच दिवशी त्याने सगळ्यांना गोळा केलं आणि सांगितलं की चांगल्या गोदामाचे तीन खांब असतात: सेवा, तंत्रज्ञान आणि माणसं. आमच्या पॅकिंगवाल्या मावशींनी लगेच मान वर करून मोजले. आमच्या गोदामाला चौदा आहेत.

तुला आमची जुनी पद्धत सांगायला हवी, म्हणजे त्या पोराने काय काय सोसलं याची कल्पना येईल. वॉशिंग मशीनपासून मिक्सरपर्यंत घरातल्या यंत्रांचे सुटे भाग आम्ही ठेवतो आणि गावोगावच्या मेकॅनिकांना पाठवतो. एकोणतीस वर्षांत माझ्या हाताखाली एकही वस्तू हरवलेली नाही. ती कुठे आहे हे फक्त वेळेवर आठवलेलं नाही. प्रत्येक जागेला आमचं आमचं नाव होतं. ‘गळक्या पत्र्याखाली’ म्हणजे मिक्सरची भांडी (तो पत्रा अकरा वर्षांपूर्वीच दुरुस्त झाला). ‘जावई’ म्हणजे उजवीकडचं वरचं कपाट; तिथल्या मोटारींना धक्का लावायचा नाही, त्यांच्यावर काही ठेवायचं नाही आणि त्या कामाला कधी लागणार हे विचारायचं नाही. ‘मावशींच्या पाठीमागे’ म्हणजे अर्थातच मावशींच्या पाठीमागे, आणि मावशी रजेवर असल्या की त्या मालाची ऑर्डर आम्ही घेतच नसू. कुणा मेकॅनिकचा फोन आला, माझा बेल्ट कुठे आहे, तर आमचं ठरलेलं उत्तर एकच: निघालाय. याला कुणी थाप म्हणेल, पण तसं नाही. माल मनाने निघालेलाच असे, शरीराने जरा मागे राहत असे, इतकंच.

चिरंजीवांनी सेवेच्या खांबाखाली पहिला नियम काढला की फोनवर खरं सांगायचं. दुसऱ्या दिवशी मावशींनी फोन उचलला आणि एका मेकॅनिकला खरं सांगितलं: तुमचा बेल्ट माझ्यासमोर टेबलावर पडलाय, परवापासून पडलाय, साहेबांनी कागदावर सही केली नाही म्हणून पडलाय, आणि साहेब आत्ता चहा पितायत. पलीकडच्या माणसाने आधी मावशींचे आभार मानले म्हणे. मग म्हणाला की वीस वर्षांत त्याला कुणी एवढं विश्वासात घेतलं नव्हतं. तेव्हापासून तो ऑर्डर नसली तरी रोज फोन करतो आणि मी काय करतोय ते विचारतो.

दुसरा खांब तंत्रज्ञानाचा. प्रत्येकाच्या हातात पिस्तुलासारखं एक यंत्र आलं. गोदामातल्या प्रत्येक कप्प्याला नंबर, प्रत्येक नंबराचं लेबल. माल ठेवताना लेबलावर यंत्र रोखायचं, काढताना रोखायचं. टुंई वाजलं की कुठे काय किती हे संगणकाला कळतं. अशी सहाशे बारा लेबलं एका दिवसात लावायची होती. चिरंजीवांनी रांगा वाटून दिल्या आणि ज्याने जी रांग केली त्याची त्या कागदावर सही घेतली. ग रांग मी स्वतः घेतली, वरिष्ठाने उदाहरण घालून द्यावं म्हणून. तिसरा खांब माणसं. त्यासाठी दारात सूचनापेटी लागली. पहिल्या आठवड्यात सात चिठ्ठ्या निघाल्या: पाच पंख्याबद्दल, एक कोरी, आणि सातवीत ‘साहेबांनी मोबाइलवर बोलताना भिंतीकडे तोंड करावं’ असं मावशींच्या अक्षरात लिहिलं होतं. ज्या पंख्यासाठी मी सहा वर्षं अर्ज करत होतो तो त्याने दोन दिवसांत बसवून घेतला. मला आनंद झाला असं म्हणायला हरकत नाही.

एवढ्यावर तो थांबला असता तरी पुरे होतं, पण आमच्या पायलटच्या मागे एक दिवस हातात वही घेऊन हिंडला. (पायलट म्हणजे कपाटांवरून माल काढणारा आमचा गडी. चाकांची एक उंच शिडी आहे, तिला तळाशी चांगली रुंद फळी आहे. तिच्यावर एक पाय ठेवून, दुसऱ्याने जमीन ढकलत तो गोदामभर सुसाट जातो, म्हणून पायलट.) तो दिवसाला अकरा किलोमीटर हिंडतो असं निघालं. चिरंजीवांनी जास्त खपणारा माल दाराजवळ आणवला, त्यासाठी लेबलांच्या दिवशीच सकाळी दोन-चार कपाटं हलवली, आणि अकराचे चार झाले. खरं ते सांगतो, ताई: चार दिवसांनी निघणारा माल एका दिवसात निघायला लागला, आणि महिन्याला चाळीस चुकीचे भाग जायचे ते तीनवर आले. फोनसुद्धा कमी झाले, त्या एका मेकॅनिकचा सोडून.

तर शुक्रवार. हेड ऑफिसच्या मोठ्या बाई आल्या. या बाई बोलतात थोडं आणि घड्याळाकडे बघतात फार. त्यांनी दहा वस्तूंची नावं घ्यायची, यंत्राने जागा सांगायची, आणि दोन मिनिटांत वस्तू हातात यायची, अशी चाचणी होती. जमली तर हीच पद्धत कंपनीच्या नऊही गोदामांत जाणार आणि तुझा लेक कायम. आठ वस्तू पटापट आल्या. मावशी तर टाळ्याच वाजवायला निघाल्या होत्या. नववी, वॉशिंग मशीनच्या दाराचं रबर. यंत्र म्हणालं ग-४८, चौसष्ट नग. आम्ही सगळे वरातीसारखे ग रांगेत शिरलो. ग-४५, ग-४६, ग-४७, आणि पुढे भिंत. भिंतीवर एक पाल होती, पण तिच्यावर लेबल नव्हतं.

पुढची चाळीस मिनिटं आम्ही चौसष्ट रबरं शोधत होतो. मी खालच्या कप्प्याखाली बघायला वाकलो आणि तसाच राहिलो. कमरेत जे काही धरलं ते अजून सुटलेलं नाही. चिरंजीवांचा चेहरा पांढराफटक पडला होता (हे मला मावशींनी सांगितलं, मला तेव्हा फक्त बूट दिसत होते). शेवटी कपाटांच्या वर बघावं म्हणून पायलट पलीकडच्या रांगेतून शिडी ढकलत आला. चिरंजीव बाजूला सरला, हातातलं यंत्र सहज शिडीकडे वळलं, आणि टुंई. ग-४८. चौसष्ट नग. बरोबर.

शिडीच्या तळाच्या फळीवर लेबल होतं, ताई, आणि फळीवर रबरांची खोकी. लेबलं लावायच्या दिवशी शिडी ग रांगेच्या टोकाला उभी होती, तिच्यावर माल होता, ती हुबेहूब कपाटासारखी दिसत होती, आणि कुणीतरी तिला लेबल लावून मोकळं झालं. तेव्हापासून आलेलं प्रत्येक रबर लोकांनी इमानाने यंत्र दाखवून त्या फळीवर ठेवलं, आणि पायलट तो पत्ता तीन आठवडे गोदामभर फिरवत होता. त्याला विचारलं, अरे, तुला कधी शंका आली नाही? तो म्हणाला, मला वाटलं हीच नवीन सुधारणा, माल आपल्याबरोबरच येतो.

बाई हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, हे लेबल कुणी लावलं? सह्यांच्या कागदांची फाइल चिरंजीवांच्या काखेतच होती. ती न उघडता तो म्हणाला, तपासायचं काम माझं होतं. बस, एवढंच. बाई म्हणाल्या, चालणारं कपाट मी नऊ गोदामांत पाठवू शकत नाही. झालं ते कसं झालं हे महिनाअखेरीपर्यंत लेखी द्या, ई-मेल नको, सहीचा कागद हवा, मग तुमचं काय ते ठरवू. जाताना माझ्याजवळ थांबून त्यांनी माझं कौतुक केलं, की एवढ्या गोंधळात तुम्ही एकटेच शांत होतात (मी काटकोनात होतो), आणि यापुढे ही पद्धत तुमच्यासारख्या अनुभवी माणसाच्या हाती द्यावी असा विचार आहे.

तेव्हा आता तू एवढंच कर. त्याला रागावू नकोस, काही विचारू नकोस, दोन दिवस झोपू दे. भाऊजींच्या ओळखीने कुठे दुसरीकडे जमत असेल तर बघावं. पोरगा हुशार आहे, कष्टाळू आहे, पण गोदामाला नुसती हुशारी पुरत नाही, नजर लागते, आणि ती वयाबरोबरच येते. भाऊजींना नमस्कार सांग.

तुझा,
धाकटा

ता. क. वाचून झाल्यावर तुझ्या लक्षात आलंच असेल, पण तू भावाचं म्हणून दुर्लक्ष करशील, म्हणून लिहितो. शिडीवरचं लेबल मी लावलं. रांगेत सत्तेचाळीस कप्पे होते. अठ्ठेचाळिसावा त्याच दिवशी सकाळी दाराजवळ हलवला होता. एक लेबल हातात उरलं. परत द्यायला गेलो तर मामाने एक कप्पा वगळला असं पोरांना वाटेल, म्हणून इकडेतिकडे बघितलं आणि समोर दिसलं त्याला चिकटवलं. कागदावर ‘अठ्ठेचाळीसपैकी अठ्ठेचाळीस’ असं लिहून झोकात सही केली. वर ‘कुणीतरी’ लिहिलं आहे तिथे तू नीट वाचून घे.

पुन्हा ता. क. त्याला माहीत आहे. त्याला शुक्रवारी त्याच क्षणी माहीत होतं, रांगा त्यानेच वाटल्या होत्या. त्या दिवसापासून तो रोज सकाळ-संध्याकाळ मला कुशीवर वळवून माझ्या कमरेला मलम चोळतो आणि या विषयावर चकार शब्द काढत नाही. काल माझ्या उशाशी बसूनच त्याने बाईंना द्यायचा खुलासा लिहिला. तो आंघोळीला गेल्यावर मी वाचला. त्यात माझं नाव कुठेच नाही. मला फार वाईट वाटलं गं. तोंड लपवावं म्हटलं तर उताणा पडलो आहे, तेही जमत नाही.

शेवटचं आणि महत्त्वाचं. मी आज बाईंना खरं काय ते लिहून त्याच्याकडे टपालात टाकायला दिलं. ‘टाकतो मामा’ म्हणाला आणि माझ्याकडे न बघता पाकीट खिशात घातलं. तो ते टाकणार नाही. तुझ्या भावजयीला सांगावं तर आधी तिला कारण सांगावं लागेल, आणि मग बाईंच्या आधी सगळ्या गल्लीला कळेल. मला स्वतःला जिना उतरता येत नाही. तुझ्या नावाचं पाकीट मात्र तो नक्की टाकेल. म्हणून त्याच कागदाची दुसरी प्रत, सहीसकट, वेगळ्या उघड्या पाकिटात घालून यात ठेवली आहे. वर बाईंचा पत्ता आणि तिकीट आहे. महिनाअखेरीच्या आत तू तिकडून टाक, रविवारी तो यायच्या आधी. वाचल्याशिवाय तू राहणार नाहीस, वाच. पण तिसऱ्या ओळीत मी माझं नाव लिहिलं आहे ते खोडू नकोस. लहानपणी माझ्या हातून जे जे फुटलं ते तू आपल्याच हातून फुटलं म्हणून सांगत आलीस, आणि त्या पोराला ही खोड कुठून लागली ते मला चांगलं ठाऊक आहे.