ठोंबरेकाकांचा फोटो

सोम., ५ जाने.

पौष लागला की आमचा लग्नाच्या व्हिडिओंचा धंदा झोपतो. लग्नं नाहीत, रिसॉर्टवाल्यांचे फोन नाहीत, ड्रोन कपाटात. गावी कडावात दिवसभर आईच्या म्हशी आणि मी. आज दुपारी सुजित ठोंबरेचा फोन. तोच तो, गिटार घेऊन एकटा गातो. मूळचा मोहोपाड्याचा, आता नेरळला खोली घेऊन राहतो. एका गाण्याचा व्हिडिओ मी करावा म्हणतो. मीच का? तर एका लग्नाच्या फिल्ममध्ये मी नवरीच्या बापाला भटारखान्यामागे एकटं रडताना ठेवलं होतं, ते त्याने पाहिलंय. घरच्यांनी तो शॉट काढायला लावला होता. मी हट्टाने माझ्या पेजवर ठेवला. बरं झालं.

गाणं पाठवलं. 'भोंगा झाला'. कंपनीचा भोंगा होतो, शिफ्ट सुटते, पोरगा बापाचं ताट झाकून बसलाय. बाप येत नाही. आता कधीच येणार नाही.

'भोंगा झाला, ताट झाकलं, बाबा, तुम्ही आला नाहीत.'

एवढीच ओळ, फिरून फिरून. बाकी नुसती गिटार. लोकांच्या रडण्यावर माझं पोट चालतं, मला सहसा काही होत नाही. आज झालं.

हे नीट जमलं तर 'लग्नवाली' ही ओळख सुटेल. नाही जमलं तर जन्मभर नवरानवरीला धबधब्याखाली उभं करून 'ताई, जरा हसा' म्हणायचं. भीती वाटतेय. हो म्हटलं.

गुरु., ८ जाने.

नेरळ. सुजितच्या खोलीवर. बोलतो कमी, नखं खातो जास्त. आई लहानपणीच गेली, घरात हा आणि वडील दोघंच, एवढं आपणहून सांगितलं. म्हणून ताट झाकणारा पोरगा.

ठरलेले शॉट: कंपनीच्या कॉलनीचा रस्ता, सुटणारी शिफ्ट. स्टोव्ह. झाकलेलं ताट. शेवटी भिंतीवर वडिलांचा फोटो, हार घातलेला. फोटोची कल्पना माझी. त्याने आणखी एक नख खाल्लं. मग म्हणाला, "ठीक आहे." तिथेच बसून मोबाइलवर फोटो पाठवला. पांढरा शर्ट, जाड भिवया, चेहरा गालातल्या गालात हसणारा. कधी गेले विचारणार होते, जीभ वळली नाही. असं कुठे तोंडावर विचारतात.

त्याची एकच अट. मोहोपाड्यात जायचं नाही, सगळं नेरळलाच उभं करू. का? "मला तिथे जमत नाही."

दुःख समजू शकते. पण भोंग्याचं गाणं करायचं आणि भोंगा ऐकायचाच नाही? मी एकटी जाऊन येईन. त्याला कशाला सांगायचं.

रवि., ११ जाने.

नीट क्रमाने लिहिते.

स्कूटीवर चौक गावावरून मोहोपाडा. कॉलनीचं गेट पाहिलं, भोंगा रेकॉर्ड केला, सायकलींची रांग, सगळं झकास. आलोच आहोत तर फोटो मोठा करून घ्यावा म्हणून बाजारातल्या फ्रेमवाल्याकडे गेले. म्हटलं, मोठा करा, काळी चौकट, वर चंदनाचा हार. त्याने माझा मोबाइल हातात घेतला आणि पांढराफटक पडला.

"ठोंबरेकाका? कधी गेलं? आवं, सकाळी तर हितं बसून पेपर वाचत होतं!"

मला वाटलं जुळा भाऊ असेल. खरंच, आधी हेच डोक्यात आलं. तोवर त्याने खिशातून फोन काढलेला, काकांनाच लावायला. मी ओरडले, "नाही नाही, गेले नाहीत! एकसष्टी आहे!"

"एकसष्टी? आन् हार चंदनाचा?"

"सत्काराला. टिकतो."

"आन् काळी चौकट?"

"…उठून दिसते."

कुठून सुचलं देव जाणे. मग तो हसायला लागला, पोराने बापाचं नाव काढलं म्हणाला. सरप्राइज आहे, कोणाला बोलू नका, असं बजावून सटकले. शंका येऊ नये म्हणून निघताना फोटो त्याच्या फोनवर पाठवावा लागला, सोबत माझा नंबरही गेला. त्या माणसाचं तोंड गप्प बसणाऱ्याचं नाही.

सुजितला फोन. उचलत नाही. उचलत नाही. उचलत नाही.

सोम., १२ जाने.

तो कर्जतला आला. स्टेशनबाहेरच्या चहाच्या गाडीवर भेटलो. मी सरळ म्हटलं, तुझे वडील जिवंत आहेत. तो म्हणाला, "हो." जसं काही मी पत्ता विचारला होता.

मग सांगितलं. दीडएक वर्षापूर्वी काका अचानक कोसळले, पनवेलला दवाखान्यात. डॉक्टरांनी आशा सोडलेली. हा बाहेरच्या बाकावर बसून होता, तिथेच गाणं झालं. दुसऱ्या दिवशी मुंबईत कार्यक्रम होता, आत्याला बसवून हा गेला आणि तेच गायला. लोक रडले. बाहेर येऊन फोन बघतो तर आत्या सांगते, दादाने डोळे उघडले, चहा मागतोय.

"आनंद नाही झाला?"

"झाला ना. रस्त्यात बसून रडलो. पण पुढच्या कार्यक्रमात लोकांनी तेच गाणं मागितलं. एका बाईंनी हात धरून विचारलं, कधी गेले रे? मी म्हटलं, गेल्या महिन्यात. तोंडातून निघून गेलं."

तेव्हापासून हा बाप गेलेला गायक. मोहोपाड्यात जमत नाही, ते यासाठी.

मी खूप बोलले. मला तो फोटो वापरू दिलास, त्या दुकानात माकड केलंस. तो म्हणाला, फोटो काढून टाकू, बाकीचं कर. बाबांकडे साधा फोन आहे, त्यांना कळणार नाही. म्हटलं, बाबांकडे साधा फोन असेल, पण आख्खा बाजार आहे.

तेव्हाच उठून जायला हवं होतं. नाही उठले, कारण गाणं चांगलं आहे. लाज वाटते, तरी खरं तेच लिहिते.

बुध., १४ जाने. संक्रांत

आईला सांगितलं. ती तिळाचे लाडू वळत होती, हात थांबला.

"जित्या मानसाच्या फोटूला हार? येड लागलं का गं तुला? घेतलास का तो हार?"

नाही घेतला. शपथ घ्यायला लावली. थोड्या वेळाने आपणच म्हणाली, "मरन्याची खोटी बातमी उठली का मानसाचं आयुष्य वाढतं म्हनतात. पन ती दुसऱ्यानं उठवली तर. पोटच्या पोरानं उठवली तर काय होतं, मला नाय म्हाईत."

दुपारी अनोळखी नंबर. फ्रेमवाल्याला संक्रांतीपर्यंतही दम निघाला नव्हता, त्याने माझा नंबरसुद्धा देऊन टाकलेला.

"तुमी त्या कार्यक्रमवाल्या बाई ना? मी सुजितचा बाप. त्याला सांगू नका मला कळलंय म्हनून, पोरगा हिरमुसेल." मग आवाज खाली करून, "हॉल-बिल नको. आपल्या घरीच करा. आन् एक काम करा बाई, त्याला एक गानं म्हनायला लावा. समदे म्हनतात चांगलं गातो. माझ्यासमोर कधी गात नाय तो."

हो काका, म्हटलं. दुसरं काय म्हणणार? हातातला लाडू परत ताटात ठेवला.

शनि., १७ जाने.

खरं काय ते सांगून टाकायचं ठरवून काकांच्या घरी गेले. निवृत्तीनंतर कॉलनी सोडली, जवळच चाळीत दोन खोल्या. स्वतः चहा केला, आलं ठेचून. भिंतीवर बायकोचा फोटो, हार घातलेला, शेजारी नुसता खिळा.

"त्यो माझा," म्हणाले. "ठोकून ठेवलाय. मागनं पोराला हातोडी शोधत बसायला नको." आणि खो खो हसले. मी कपात तोंड घातलं.

निघताना दारात म्हणाले, "मोबाइलवर हाय म्हनं त्याचं गानं. तुमच्याकडं लागंल का?"

मी म्हटलं, रेंज नाही काका. रेंज भरभरून होती.

भित्री आहे मी. घरी येईपर्यंत स्वतःला शिव्या देत आले.

रवि., १८ जाने.

सुजितला फोन करून स्पष्ट सांगितलं. खोटी खोली नाही, खोटा फोटो नाही. शूट होईल तर त्या चाळीतल्या घरात, नाहीतर दुसरं कोणीतरी शोध. आणि त्याआधी काकांसमोर बसून हे गाणं म्हण.

पहिलं कबूल, दुसरं नाही. पुढच्या रविवारी काका खालापूरला आत्याकडे जाणार आहेत, ते नसताना उरकू म्हणतो. "नंतर मी सांगतो त्यांना."

नंतर म्हणजे कधी? "नंतर."

मंगळ., २० जाने.

माघ लागला, रिसॉर्टवाले जागे झाले. रविवारचं एक लग्न नाकारलं. आई बोलायची थांबत नाही.

संध्याकाळी काकांचा फोन. आवाज वेगळाच.

फ्रेमवाल्याच्या मुलीला मोबाइलवर सुजितच्या कार्यक्रमाची क्लिप सापडली. कौतुकाने दुकानात लावली. काका पेपर घेऊन बसलेले, अजून दोघंतिघं गिऱ्हाईकं. सगळ्यांनी मिळून ऐकलं. शेवटी त्यात सुजित हात जोडून म्हणतो, बाबांना जाऊन वर्ष झालं.

काका म्हणाले, "म्हंजे तो फोटू एकसष्टीचा नवता."

"नाही काका."

"हां." मग हसायचा प्रयत्न. "आयुष्य वाढवलं म्हनायचं पोरानं. डॉक्टरला नाय जमलं ते." मला वाटलं फोन ठेवतील. नाही ठेवला. "मरनाचं काय नाय गं. मी मरतच होतो, त्याची काय चूक? पन बाई, गान्यात किती येळा बाबा म्हनतो. घरात हाक मारत नाय मला. येतो, जेवतो, 'जातो' म्हनतो. बाबा म्हनायला मी आधी मरायला पायजे का?"

बाई म्हणता म्हणता 'गं' म्हणाले, ते त्यांच्या लक्षातही आलं नसेल. मी रडले. त्यांनीच समजूत घातली. वर सांगितलं, "त्याला बोलू नको मी ऐकलंय. त्याच्या तोंडून ऐकीन तवाच खरं."

म्हणजे आता बापाचं गुपित माझ्याकडे आणि पोराचंही माझ्याकडे. मध्ये मी, अडकित्त्यात सुपारी.

शुक्र., २३ जाने.

काकांचा बेत: रविवारी खालापूरला जातो म्हणून निघायचं, चौकपर्यंत जाऊन परत यायचं. मला सांगितलं, कारण दार आतून लावलेलं नको.

प्रसादला सांगितलं. प्रसाद म्हणजे माझा मामेभाऊ आणि कॅमेरामन. तो खूश. "ताई, काय टेक मिळेल!" खाडकन लागलं, कारण माझ्याही मनात तेच आलं होतं. सुजितला सावध करायला हवं. तो माझ्यावर विश्वास ठेवून येणार आहे. पण सावध केलं तर तो येणारच नाही, आणि काका कायमचे तसेच राहतील. मी गप्प आहे ती काकांसाठी की टेकसाठी? दोन्हींसाठी. कुठलं जास्त, ते मला खरंच सांगता येत नाही.

सुजितचा मेसेज: 'रविवारी लवकर उरकू.' मी अंगठा पाठवला. नुसता अंगठा.

रवि., २५ जाने.

मोहोपाडा. चाळीच्या ओट्यावर बसून लिहितेय, मोरीशेजारी.

सकाळी काका पिशवी घेऊन निघाले. सुजितने त्यांना दारापर्यंतही सोडलं नाही, नुसती मान हलवली. ताट, स्टोव्ह, खिडकी, सगळं झटपट झालं. मग गाणं. सुजित आईच्या फोटोखाली जमिनीवर बसला, डोळे मिटून. पहिलं कडवं असं गायला की प्रसादही फोकस विसरला.

दार लोटून काका आले. चपला काढल्या, माझ्या मागच्या खाटेवर बसले. खाट करकरली. सुजितने डोळे उघडले. हात तारांवरच राहिला.

त्याने आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ती नजर मी विसरणार नाही. प्रसादने खुणेने विचारलं, बंद करू? मी मान हलवली. नको.

"बाबा," सुजित म्हणाला. तिथेच अडखळला. काकांचा हात गुडघ्यावर होता, तो घट्ट झाला. "बाबा, तुम्ही जरा बाहेर बसता का?"

काका म्हणाले, "नाय."

सुजित तारा जुळवत बसला, जुळलेल्याच होत्या. काका आमच्याकडे न बघता म्हणाले, "तुमी दोघं जा जरा." आम्ही उठलो. कॅमेरा स्टँडवर तसाच चालू राहिला. आमच्यामागे काकांनी आतून कडी लावली.

त्याला बराच वेळ झाला. आतून गाणं नाही, भांडण नाही, काही नाही. प्रसाद सारखा घड्याळ बघतोय. बॅटरी संपत आली असणार, बदलायला हवी, दार वाजव म्हणतो.

मी नाही वाजवत.