पहिलीत की तिसरीत?

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. (मनातल्या मनात घातलेला. मानेवरची चीर अजून ओढते आणि फार वाकायचं नाही अशी ताकीद आहे. उभ्यानेच पोचला असं समज.) तुझे गुडघे काय म्हणतात? दाजींचं घोरणं कमी झालं, की तू अजून उशी घेऊन बाहेरच्या खोलीत झोपायला जातेस? इकडे सर्व ठीक आहे असं एका ओळीत लिहून मोकळा होणार होतो, पण मग पत्र इथेच संपलं असतं, आणि मला तर पुष्कळ बोलायचं आहे.

फोन का करत नाही म्हणून तू फुगली असशील. ताई, आवाज गेलाय. थायरॉईड काढताना आवाजाच्या नसेला जरा धक्का लागला, हळूहळू भरून येईल म्हणतात. मी दहावी अ ला बीजगणित शिकवायचो तेव्हा दहावी क ची पोरं सूत्रं पाठ करायची, असा माझा आवाज. आता मी सोफ्यावर शेजारी बसून काही म्हटलं तर ही टीव्हीचा आवाजसुद्धा कमी करत नाही. घरात इतकी शांतता लग्नापासून नव्हती, असं ती भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगते. सांगताना तिच्या चेहऱ्यावर दुःख कुठे दिसतं का ते मी नीट पाहिलं. दिसलं नाही.

तर आता मुद्द्याचं. गाठ कॅन्सरची होती हे तुला माहीत आहे. ती निघाली, मानेतल्या दोन-चार लहान गाठीही निघाल्या, सगळं तपासायला गेलं आणि रिपोर्ट आल्यावर आम्हाला बोलावलं. सर्जनबाईंच्या खोलीबाहेर बाकावर माझ्या शेजारी माझाच वॉर्डमधला शेजारी, तो बसड्रायव्हर. (मागे लिहिलं होतं ना, झोपेत गिअर बदलतो तो.) त्याचंही तेच ऑपरेशन, त्याच दिवशी. आत जाण्याआधी एक चष्मेवाली ज्युनिअर डॉक्टर एकेकाला बाजूच्या टेबलाशी बोलावून कॉम्प्युटरमध्ये माहिती भरत होती. वय किती, गाठ केवढी, गाठ आपली हद्द सोडून बाहेर गेली होती का, मानेत कुठे पसरली होती का. प्रत्येक उत्तराचे काही गुण, आणि शेवटी बेरीज. ड्रायव्हरला बेचाळीस मिळाले. मला एकशे अठरा.

आता तूच सांग, बत्तीस वर्षं ज्याने दुसऱ्यांना गुण दिले, त्याला स्वतःला एकशे अठरा पडल्यावर काय वाटेल? शिवाय आपल्याकडे औषधाचाही गुणच येतो. मला वाटलं, ऑपरेशनचा गुण किती आला ते आता आकड्यात सांगतात, शास्त्र पुढे गेलंय. कितीपैकी एकशे अठरा, हेही मी विचारलं नाही. (पोरांनी हे विचारलं नाही तर मी खडू फेकून मारतो.) मी बाकावर येऊन जरा ऐसपैस बसलो. ड्रायव्हरचा चेहरा उतरलेला वाटला म्हणून त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि उरल्यासुरल्या आवाजात त्याला धीर दिला, की बेचाळीस म्हणजे काही वाईट नाही, काठावर का होईना पण पास आहे, मनावर घेऊ नका, पुढच्या तपासणीपर्यंत नक्की वाढतील. त्याच्या बायकोलाही समजावलं, की यांना घालूनपाडून बोलू नका, सगळ्यांचीच कुवत सारखी नसते. त्या माउलीने पदराने डोळे पुसले. हिने मला कोपर मारलं, पण ही मला कोपर कशासाठीही मारते, म्हणून लक्ष दिलं नाही.

आत गेल्यावर सर्जनबाईंनी खुलासा केला. हे धोक्याचे गुण. जितके कमी तितकं बरं. ताई, आयुष्यात पहिल्यांदा वर्गात पहिला आलो, तो असा. बाहेर आल्यावर ड्रायव्हरला खरं सांगणं भाग होतं. ते त्याने बायकोला सांगितलं, बायकोने वॉर्डबॉयला, आणि आता तपासणीला गेलो की लिफ्टवालासुद्धा मला "या, एकशे अठरा" म्हणतो. ड्रायव्हर माणूस मात्र सोन्यासारखा. इतका हसला की टाके उसवतील अशी भीती वाटली, आणि मग माझा हात धरून बराच वेळ बसून राहिला.

सर्जनबाईंचं म्हणणं असं, की माझ्यासारखी शंभर माणसं घेतली तर दहा वर्षांनी त्यांतली अठ्ठ्याऐंशी असतात. आकडा चांगला आहे, त्या म्हणाल्या. मीही मान हलवली (बेताने). संभाव्यतेचं प्रकरण मी दर वर्षी शिकवतो. पिशवीत अठ्ठ्याऐंशी पांढरे चेंडू, बारा काळे, एक चेंडू काढला तर वगैरे. पण ताई, आजवर पिशवी माझ्या हातात असायची. चेंडूला आतून कसं वाटतं हे पुस्तकात कुठेच दिलेलं नाही. मला भीती वाटली. अजून वाटते. हिला सांगितलेलं नाही, कारण तिला ऐकू जाईल इतका आवाजच नाही.

मग मी बेरीज तपासायला मागितली. (सवय.) त्यात निम्म्याहून जास्त गुण एकट्या वयाचे! या आजारात म्हणे पंचावन्नची रेघ आहे. अलीकडचे वेगळे, पलीकडचे वेगळे. मी कागदावर छप्पन्न, म्हणून पलीकडे. चोपन्न असतो तर शंभरातले अठ्ठ्याण्णव. तेव्हा मला बाबा आठवले. तू शाळेत गेलीस की मी घर डोक्यावर घ्यायचो, आईला काही सुचू द्यायचो नाही, म्हणून बाबांनी माझं वय दोन वर्षं वाढवून मला पहिलीत तुझ्या शाळेत अडकवलं, असं ते सांगायचे. मी बाईंना म्हटलं, मी खरा चोपन्नचा आहे. त्या म्हणाल्या, सगळे असंच म्हणतात, पण खरं वय सांगा, गाठ काही शाळेचा दाखला बघत नाही.

इथे हिने तोंड उघडलं. मी चोपन्नचा निघालो तर ती माझ्यापेक्षा सात महिन्यांनी मोठी ठरते. तिला ते चालणार नाही. इतकी वर्षं नवरा मोठा म्हणून ऐकून घेतलं, आता उतारवयात धाकटा नवरा पदरात घ्यायला ती तयार नाही. आहात तेवढेच राहा, म्हणाली. सर्जनबाईंनी तोंडाला मास्क लावला. तपासायचं काही नव्हतं, तरी लावला.

बाकी ठीक. जेवण जातं. दाजींना नमस्कार सांग, मुलांना आशीर्वाद. प्रकृतीला जप.

तुझा धाकटा (किती, ते तूच सांगायचं)

ता. क. : बाबांच्या गोष्टीत मीठमसाला किती असायचा हे तुला माहीत आहे, म्हणून तुला विचारतो. मी झालो त्या दिवशी तू बाळ बघायला शाळेतून पळून आली होतीस, हे आई नेहमी सांगायची. तेव्हा तू पहिलीत होतीस की तिसरीत? पहिलीत असशील तर मी छप्पन्न, तिसरीत असशील तर चोपन्न. एका शब्दात कळव. तुला खोटं बोलता येत नाही, हीच या प्रकरणातली अडचण आहे.

ता. क. दुसरा : तिसरीत असशील तर फोन कर, मला ऐकू येतं. पहिलीत असशील तर फोन नको, स्वतः ये. पुढच्या आठवड्यात ते किरणोत्सारी औषध देणार आहेत, मग काही दिवस एका खोलीत एकट्यानेच राहायचं. कुणाला आत सोडत नाहीत, पण दाराला काच आहे. पहिलीत मी रडायला लागलो की मधल्या सुट्टीत तू खिडकीशी येऊन उभी राहायचीस. मी आता रडणार नाही. तरी ये.

ता. क. तिसरा, आणि हे अक्षर माझं : वन्सं, पेटीत टाकायला दिलेलं पत्र मी उघडून वाचलं. त्यांचं सगळं ऐकू येतं मला, टीव्ही मुद्दाम लावते. तुम्हाला काय आठवतं ते आठवू दे, पण त्यांना तिसरीतच सांगा. मोठी तर मोठी, राहीन मी.